थळ, वतन आणि वंशावळ : आंदर मावळातल्या पूर्वजांचा माग

‘तुमचं मूळ कुठलं, कुलदैवत कुठलं’ हा प्रश्न मावळात पूर्वी सोयरीक जमवताना निघायचा आणि सुपारी फुटली की मिटायचा. आता तो वडगावच्या तहसील कचेरीत निघतो आणि लवकर मिटत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. तिचे काम आधी मराठवाड्यापुरते होते. पुढे ते राज्यभर नेले आणि तालुक्या-तालुक्यांतली जुनी दप्तरे कुणबी नोंदींसाठी सोडली गेली. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सरकारने जाहीर केले, आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली. पण शोधणारे तेवढेच नाहीत. महादेव कोळी आणि ठाकर मुलांचे पालक जात पडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा कागद शोधत असतात. कोणाचा वनहक्काचा दावा अडलेला असतो, कोणाला धरणात गेलेल्या शेताचा उतारा हवा असतो. कारणे निरनिराळी असली तरी विचारणे एकच : माझा पणजा, खापरपणजा कागदावर कुठे आहे?

या प्रश्नाचा आढावा घेण्यासाठी आंदर मावळ निवडले, कारण शोधाच्या सगळ्या वाटा आणि सगळे अडथळे इथे एकाच खोऱ्यात भेटतात. कान्हे फाट्यावरून टाकव्याला आले की आंद्रा नदीच्या काठाने रस्ता पश्चिमेला जातो, वडेश्वरवरून थेट घाटमाथ्यावरच्या खांडी-कुसूरपर्यंत. खाली भाताची खाचरे, वर वरकस माळ आणि जंगल. गावठाणात मराठा-कुणबी आणि बलुतेदार, वाड्यांवर महादेव कोळी आणि ठाकर, गावाच्या कडेला कातकरी, माथ्यावर धनगर. यातल्या प्रत्येकाचा माग वेगळ्या दप्तरात लागतो, आणि काहींचा कुठल्याच दप्तरात नीट लागत नाही.

अटलांटिकपलीकडे हाच शोध फार मोठ्या प्रमाणावर चालतो. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या कुटुंबांचे वंशज आजही गावकारकुनाच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या, चर्चमधली बाप्तिस्म्याची रजिस्टरे, मृत्युपत्रे आणि खरेदीखते यांच्या आधाराने एकेक पिढी मागे सरकतात. १७९० च्या पहिल्या अमेरिकी जनगणनेत प्रत्येक घराच्या कर्त्याचे नाव आहे आणि त्यातली पुष्कळ पाने जपलेली आहेत. आपल्याकडे १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, पण घरोघरच्या मूळ याद्या ठेवल्या गेल्या नाहीत. उरले ते आकडे. गोव्यात आणि वसईत चर्चची रजिस्टरे असल्याने तिथल्या ख्रिस्ती घराण्यांना अमेरिकेसारखी वाट थोडीफार मिळते. मावळात ती नाही. इथल्या कोणत्याच राज्याने माणसाची नोंद माणूस म्हणून ठेवली नाही. सारा कोण भरतो, वतन कोण खातो, शिवेचा वाद झाला तर साक्ष कोण देतो, एवढेच त्याला हवे होते. म्हणून मावळात आडनावाच्या मागे धावणारा हमखास चुकतो. जमिनीच्या आणि कामाच्या मागे जाणारा पोहोचतो.

नावे म्हणाल तर या मुलखात ती फार जुनी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल त्यात आहे, धेनुकाकटचे यवन आहेत, आणि ‘मामाळ’ हा प्रदेशही आहे, जो आजचा मावळ मानला जातो. पण त्या नावांपासून आजच्या कोणत्याही घरापर्यंत दोरी आणता येत नाही, आणि आणण्याचा हट्टही धरू नये. शहाण्णव कुळी राजस्थानापर्यंत आणि तिथून सूर्यचंद्रापर्यंत नेणाऱ्या छापील वंशावळींनाही हेच लागू आहे. घराण्याचा अभिमान म्हणून त्या भिंतीवर लावाव्यात. पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नाही. खरा कागद शिवकाळाच्या आसपास सुरू होतो, तोही तुटक.

या जुन्या कागदांत सर्वांत मोलाचा महजर. पाटीलकीचा, देशमुखीचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की गोत बसायचे, आणि त्याचा निवाडा महजरात उतरायचा. आधी तारीख, मग ‘हाजिर मजालस’ म्हणून बसलेल्यांची नावे, त्यानंतर दोन्ही बाजूंचे करीने, साक्षी आणि शेवटी निर्णय. कागदाच्या तळाशी लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असतात. पाटलाच्या नावापुढे नांगर, चांभारापुढे रापी, महारापुढे विळा-दोरी. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने हा तळ आधी वाचावा. निवाडा एका घराण्याच्या बाजूने लागलेला असतो, पण साक्षीला अख्खे गाव बसलेले असते. ज्या सुताराच्या किंवा कुंभाराच्या घरात एकही सनद नाही, त्याचा पूर्वज दुसऱ्याच्या भांडणातल्या साक्षीत नाव, बापाचे नाव आणि गाव घेऊन उभा दिसतो. असे कागद शोधून छापण्याचे काम विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून केले. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘शिवचरित्र साहित्य’च्या खंडांतून ते पुढे नेले. मावळच्या कुटुंबांनी हे खंड चाळायलाच हवेत. मागच्या सूचीत आडनाव नाही म्हणून खंड मिटू नये. सूचीत गावाचे नाव पाहावे.

करीना म्हणजे त्या बाजूने सांगितलेली आपल्या घराण्याची हकिकत. रोहिडखोऱ्यातल्या कारीच्या जेध्यांचा करीना प्रसिद्ध आहे. पाच-सहा पिढ्या एका दमात मिळतात, त्यामुळे करीना हाती लागला की वाचणारा हरखून जातो. पण तो शेवटी वादीचा जबाब आहे. आपली वहिवाट जुनी दाखवण्यात सांगणाऱ्याचा स्वार्थ आहे. म्हणून समोरच्या बाजूचा करीना मिळाला तर तो आधी वाचावा. दोघेही ज्या पूर्वजाचे नाव मान्य करतात, तिथून खाली पाय रोवून उतरता येते.

वतन नसलेल्या कुणब्यासाठी थळझाडा. जुन्या गावाची जमीन थळांत वाटलेली असे आणि पुष्कळदा थळाला मूळ कुळाचे नाव चिकटलेले असे. थळझाड्यात कोणते थळ कोणाकडे, मिरास म्हणजे वंशपरंपरेचा हक्क कोणाचा, मिरास नसलेला उपरी कोण, हे सापडते. सारा न भरता आल्याने किंवा दुष्काळात गाव सोडून गेलेल्यांची जमीन ‘गतकुळी’ म्हणून लिहिलेली असते. हा शब्द वाचताना मला दर वेळी थांबावे लागते. एका अख्ख्या घराची ती शेवटची नोंद असते, आणि त्या घराचे वंशज कदाचित दुसऱ्या कुठल्या तालुक्यात याच क्षणी आपले मूळ शोधत असतील. तुमच्या घरात ‘आम्ही घाटावरून आलो’, ‘आम्ही पलीकडच्या खोऱ्यातले’ अशी कथा चालत आली असेल, तर आजच्या गावापेक्षा त्या सोडलेल्या गावाच्या गतकुळी यादीत अधिक सापडू शकते. घरांची मोजणी म्हणजे खानेसुमारी आणि कारागिरांवरचा मोहतर्फा यांच्या याद्याही अशाच कामाच्या, पण त्या गावोगाव मिळत नाहीत.

या सगळ्या कागदांत आडनाव क्वचितच असते. ‘कोंडाजी बिन रामाजी, मोकदम, मौजे अमुक’ एवढीच ओळख. बाईची ओळख ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ लावून नवऱ्याच्या नावाने. आजोबाचे नाव नातवाला ठेवायची चाल असल्याने रामाजी-कोंडाजी-रामाजी-कोंडाजी अशी साखळी होते आणि दोन पिढ्या सहज एक होऊन जातात. त्यावर उपाय तारखेचा. पूर्वजाचे वय आणि कागदाचे साल जुळवल्याशिवाय पिढी लावू नये.

तारीखही उघड लिहिलेली नसते. मावळातलीच घटना घ्या. वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे शस्त्रे ठेवली आणि तह केला तो जानेवारी १७७९ मध्ये. त्या दिवसांतल्या मराठी कागदावर साल असे येईल : ‘सन तिसा सबैन मया व अलफ’. तिसा म्हणजे नऊ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११७९. हा शुहूर सन. तो मृग लागताना बदलतो, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. ११७९ अधिक ६०० म्हणजे १७७९. त्याच्याजवळ ‘छ’, म्हणजे चंद्र (तारीख), आणि पुढे जिल्हेज महिना येईल. तो महिना पाहिल्याशिवाय ५९९ की ६०० हे ठरत नाही. याच महिन्याला शालिवाहन शकाने पौष शके १७०० म्हणायचे. फसली सनाचा हिशेब आणखी निराळा. एका वर्षाची ही चूक किरकोळ वाटते, पण बाप कधी वारला आणि मुलाच्या नावे मिरासपत्र कधी झाले, हे ठरवताना तीच चूक वंशावळ उलटीपालटी करते.

मोडी शिकण्याला पर्याय नाही. छापील खंडांत आलेले कागद हे मूळ साठ्याचा अगदी लहान अंश आहेत. पुण्यातल्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यातून ४५ खंड निवडून छापले, पण त्यांची नजर राजकारणावर होती. गावच्या माणसाला रोजकीर्द, प्रांत अजमास आणि विशेषतः ‘जमाव’ या भागांकडे वळावे लागते. जमावात देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्याकडून गोळा केलेली वतनाची कागदपत्रे आहेत. ती गोळा झाली इनाम कमिशनमुळे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इंग्रजांनी इनामांची चौकशी मांडली आणि ज्याच्याकडे सनद नाही त्याचे इनाम खालसा होण्याची वेळ आली. घराघरांतले कागद पेट्यांतून निघून कचेरीत आले. अनेक कुटुंबांवर तो घाला होता, पण त्यांच्या पणतूंना आज जे सापडते ते त्या घाल्यामुळेच.

वतनदार घराण्यांची उत्तम वंशावळ मात्र त्याच्याही नंतरची आहे. १८७४ च्या वतन कायद्याने प्रत्येक वतनाचा जबाबदार वतनदार ठरवायचा होता. तक्षिमा किती, थोरली पाती कोणाची, धाकटी कोणाची, पाळी कशी फिरते, यासाठी चौकशा झाल्या आणि शाखा काढलेले वंशवृक्ष कचेरीच्या कागदांत आले. पाटलांचे आले तसे महार वतनदारांचेही आले. हे लोकांना माहीत नसते. महार वतन हे राबणुकीचे आणि अपमानाचे वतन होते. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली ते योग्यच झाले. पण त्या वतनाच्या कागदांत पूर्वास्पृश्य कुटुंबांच्या पिढ्या लिहिलेल्या आहेत, आणि त्या वाचण्याचा पहिला हक्क त्यांच्या वारसांचा आहे.

बाकीच्यांनी उलटे चालावे : आजच्या सातबारापासून मागे. सातबारावर फेरफार क्रमांक असतो, त्या फेरफारावर मागच्या खातेदाराचे नाव, त्याच्यावर आणखी मागचा फेरफार. १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यापासून हा माग बहुधा सलग मिळतो. मध्ये दोन ठिकाणी धागा तुटल्यासारखा वाटतो. गटवारीत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तिथे एकत्रीकरण योजनेचा उतारा घेऊन जुना नंबर शोधावा लागतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळाच्या नावे जमीन झाली, तिथे मालकाचे घराणे बदलते. कुळाचा वारस मागे जाताना चुकून मालकाच्याच वंशावळीत शिरतो. कडईपत्रक, पाहणी सूड, आकारबंद ही नावे तलाठ्याच्या आणि भूमी अभिलेखच्या कचेरीत मागायला शिकावे. जुने उतारे आता संगणकावरही चढले आहेत, त्यामुळे हेलपाटे थोडे कमी झाले आहेत.

फेरफाराची एक नोंद सावकाश वाचली तर काय मिळते ते पाहा. खातेदार मयत, तारीख. वारस म्हणून विधवा, मुलगे, आणि लग्न होऊन गेलेल्या मुली, त्यांच्या सासरच्या नावांसह. मोडी कागदात ‘कोम’च्या पलीकडे न दिसणारी बाई इथे पहिल्यांदा माहेरच्या घरातली मुलगी म्हणून दिसते. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर थांबायचे. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, म्हणजे त्याच्यामागे कागदावर न आलेले भाऊ उभे आहेत. ‘अ.पा.क.’ असेल तर वारस अज्ञान होता आणि आई किंवा चुलता पालनकर्ता होता. बाप तरुणपणी गेला हे त्यातून कळते. हक्कसोडाच्या नोंदीत कोणत्या बहिणीने कोणासाठी हिस्सा सोडला हेही असते. मी तर म्हणेन, मावळातल्या स्त्रियांचा इतिहास लिहायचा असेल तर फेरफाराच्या वहीतूनच सुरुवात करावी.

आंदर मावळात या मागाला एक मोठे खिंडार आहे, आणि ते पाण्याचे आहे. १९१६ साली आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी निघाली, आंद्रेवर ठोकळवाडीचे धरण बांधले गेले आणि १९२२ पासून ते पाणी घाटाखाली भिवपुरीला वीज करू लागले. खोऱ्यातली भाताची जमीन बुडाली. मुळशीच्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहामुळे, सेनापती बापटांमुळे तिकडच्या बुडालेल्या गावांची नावे निदान पुस्तकांत राहिली. इकडच्या कुटुंबांनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालचे निवाडे शोधावेत. निवाड्यात खातेदार, क्षेत्र, घर, विहीर, झाडे आणि मोबदला यांची नोंद होते. जमीन पाण्याखाली गेलेल्याचा सातबारा तिथेच थांबतो, त्यामुळे बुडीत आणि उठून गेलेले ठिकाण यांना जोडणारा कागद तोच. विस्थापित माणूस दुसऱ्या गावी ‘नवा’ म्हणून नोंदला गेला असेल, तर निवाड्याशिवाय त्याच्या आधीच्या पिढ्या कळायला मार्ग नाही.

जात आणि वय यांच्यासाठी लोक गाव नमुना १४ पाहतात, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या रकान्यात मुलाचे नाव बहुधा नसतेच, कारण नोंद बारशाच्या आधीची. ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढेच. म्हणजे वारस ठरवायला शाळेचे जनरल रजिस्टर सोबत लागते. एकाच बापाच्या दोन मुलांपैकी एकापुढे कुणबी आणि दुसऱ्यापुढे मराठा लिहिलेले सापडते, तेव्हा घरात भांडणे होतात. ती नोंद पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या सवयीची आहे, हे लक्षात घ्यावे. त्याच घराच्या साऱ्या नोंदी एकत्र मांडल्या तर चित्र स्पष्ट होते. एकाच पानावर घराण्याचा निकाल लावू नये. वाड्यांच्या नोंदी मूळ गावाखाली असतात, आणि टाकवे बुद्रुक व टाकवे खुर्द यांसारख्या जोडगावांत नोंद पलीकडच्या वहीत गेलेली असू शकते.

आता ज्यांच्याकडे थळ नव्हते, वतन नव्हते, सातबारा नव्हता, त्यांचे काय? अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांपुढे हीच भिंत आहे. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या यादीत मालकाचे नाव आहे आणि त्याखाली नुसती वये, लिंग आणि वर्ण. १८७० च्या जनगणनेत ही माणसे प्रथम नावानिशी येतात. त्याआधीचा पूर्वज शोधायचा तर मालकाचे मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी वाचावी लागते. कातकऱ्याची अवस्था याहून फार वेगळी नाही. कात काढणारी ही जमात १८७८ च्या वन कायद्याने जंगलातून ढकलली गेली आणि दुसऱ्याच्या शेतावर, कोळशाच्या भट्टीवर राबत राहिली. कातकरी पूर्वज सापडला तर तो जंगल खात्याच्या, पोलिसांच्या किंवा खोताच्या-सावकाराच्या कागदात, बहुधा बापाच्या नावाविना. राज्याने ज्यांना कधी कागद दिला नाही त्यांच्याकडेच आज राज्य तीन पिढ्यांचा कागद मागते. हा अन्याय आहे आणि तो तसा म्हटला पाहिजे.

ठाकर आणि महादेव कोळी यांची अडचण थोडी निराळी. त्यांच्या जुन्या नोंदी आहेत, पण त्यांत नुसते ‘ठाकूर’ किंवा नुसते ‘कोळी’ लिहिलेले. मग चालीरीती, बोली, देव विचारून जमात ठरवायची आप्तभाव चाचणी लावली जाते. पुण्यात तीन पिढ्या राहिलेल्या मुलीला कांबडनाच येत नाही, यावरून तिचा आजोबा ठाकर नव्हता असे कसे ठरेल? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितले की ही चाचणी एकटी निर्णायक कसोटी होऊ शकत नाही. राज्यघटनेपूर्वीच्या कागदाचे वजन न्यायालयांनी याआधीही मोठे मानले आहे. म्हणून १९५० आधीच्या शाळेच्या रजिस्टराचे एक पान या कुटुंबांना सनदेइतके मोलाचे. वाडीवरची शाळा उशिरा आली असेल तर जवळच्या मोठ्या गावच्या शाळेत शोधावे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे आणि त्याचा वापर फार कमी होतो. त्याखालच्या नियमांतला तेरावा नियम पुराव्यांची जी यादी देतो, तिच्यात जुन्या जमीन-नोंदीतल्या व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ आहे, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा असतो. माथ्यावरच्या धनगरांसारख्या इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे. या दोघांसाठीही वडीलधाऱ्यांचा जबाब कामाचा, आणि तो देऊ शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. जबाब घेताना ‘आम्ही पिढ्यान्पिढ्या इथेच’ या एका वाक्यावर थांबू नये. सांगणाऱ्याचे अंदाजे वय, दावेदाराच्या आजा-पणज्याची नावे, त्यांच्या बायकांची माहेरे, जंगलातल्या कोणत्या दळीत कोण नाचणी-वरई घेत होते, धरणाचे पाणी चढले तेव्हा घर कुठून कुठे हलले, हे सगळे त्यात यावे. सामूहिक दाव्याला देवराई, पाणवठे आणि पुरण्याची जागा यांचाही पुरावा चालतो, म्हणून त्या जागा नावानिशी लिहाव्यात. मग तो जबाब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, चुका तिथेच दुरुस्त कराव्यात, सांगणाऱ्याचा अंगठा घ्यावा आणि वनहक्क समितीच्या नोंदवहीत त्याला क्रमांक पाडून घ्यावा.